तीनदा घर बंद

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की आमची कंपनी फार गरीब आहे. त्याला कारण झालं. एकदा मी डबा घरी विसरले, तो द्यायला त्या ऑफिसात आल्या आणि पाहतात तर काय, एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या. एकीत मी, दुसरीत माझा सहकारी सुहास, मध्ये एकच कीबोर्ड. बाकीच्या टेबलांवरही तोच प्रकार. घरी आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, हिचा पगार वेळेवर होतो ना?"

मी त्यांना समजावलं, की दोघं मिळून एकच प्रोग्रॅम लिहितात. एक लिहितो, दुसरा बघतो, मग अदलाबदल. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे एक काम करतो आणि दुसरा चुका काढतो. ते तर आमच्या घरीही होतं." मलाही त्यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला, की मला अजून खालच्या गिरणीची घरघर ऐकू येते. आमचं ऑफिस नाशिकच्या रविवार कारंज्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. गिरणी सुरू असली की फरशी अगदी बारीक थरथरायची, टेबलावरच्या चहात वर्तुळं उठायची. पलीकडून तांबटांच्या हातोड्यांची ठकठक यायची. या दोन आवाजांत आम्ही वर्षानुवर्षं कोड लिहिला. गिरणी बंद पडली की सगळे एकदम मान वर करायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, चला, चहा घेऊ.

झोपेत मला आवाजापाठोपाठ भिंत दिसते. पिवळ्या, पांढऱ्या कार्डांनी भरलेली लांबच लांब भिंत. पंख्याच्या वाऱ्याने कार्डांचे कोपरे एकामागून एक उचलले जातात आणि परत बसतात. जवळ जाऊन वाचायला बघावं तर अक्षरं पुसट होतात. फक्त एक कार्ड दर वेळी नीट वाचता येतं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असतं, 'तीनदा घर बंद'.

त्या कार्डाची हकिकत सांगायची, तर आधी आमची कामाची रीत सांगायला हवी.

आमच्या रीतीचं नाव एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग. नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे दोरीला लटकून दरी ओलांडणारी माणसं यायची. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा काळजीने विचारलं होतं, की या वयात झेपतं का. प्रत्यक्षात इतकं निवांत काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. सहा वाजले की आमचे सर उठायचे आणि स्वतः एकेक दिवा मालवत जायचे. थकलेला माणूस दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच्या चुका निस्तरत बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सर मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढून नाशिकला परत आले होते, आणि तिथे जे जे करून पस्तावले होते, त्याच्या बरोबर उलट त्यांनी इथे करायचं ठरवलं होतं.

नियम थोडे होते, पण पक्के होते. कोड दोघांनीच लिहायचा, एकट्याने नाही. आज लागतं तेवढंच लिहायचं, उद्या लागेल म्हणून आज काही बांधून ठेवायचं नाही. दर पंधरा दिवसांनी चालू स्थितीतलं काहीतरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. कोडवर कुणाचं नाव नाही. कुणी लिहिलेलं कुणीही सुधारावं. आणि सगळ्यांत विचित्र वाटणारा नियम म्हणजे, प्रोग्रॅमच्या आधी त्याची परीक्षा लिहायची. म्हणजे टेस्ट. प्रोग्रॅमने काय करायला हवं ते आधी टेस्टमध्ये लिहायचं आणि ती चालवायची. प्रोग्रॅम अजून लिहिलेलाच नाही, म्हणून ती नापास होणार, पडद्यावर लाल पट्टी येणार. मग ती पट्टी हिरवी होईल एवढाच कोड लिहायचा. अशा शेकडो टेस्ट जमतात आणि दिवसातून कितीतरी वेळा सगळ्या चालवतात. उद्या कुणाच्या हातून जुनं काही मोडलं तर लगेच लाल.

तांब्याचंही सांगितलं पाहिजे. आपापल्या टेबलावर लिहिलेला कोड सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळायचा, तर एका वेळी एकाच जोडीने, नाहीतर गोंधळ. त्यासाठी सरांनी तांबट गल्लीतून एक छोटा तांब्या आणून खिडकीत ठेवला होता. ज्या जोडीच्या टेबलावर तांब्या, तिनेच कोड मिसळायचा. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या की तांब्या परत खिडकीत. "तांब्या कुणाकडंय?" ही हाक आमच्याकडे दिवसभर चालायची. खाली दळण घेऊन आलेल्या बायकांना वाटायचं, वर पाण्याची फार टंचाई आहे.

आता शेवटचा नियम. ज्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा, ते गिऱ्हाईक आपल्यात बसलं पाहिजे. महिन्यातून एकदा मीटिंगला नाही, रोज, आपल्या शेजारी खुर्चीत. हा नियम पाळायला सगळ्यांत अवघड. सातपूरच्या एका कारखानदाराला सरांनी हे सांगितलं, तेव्हा तो हसला आणि त्याने एक जाडजूड फाइल पाठवून दिली. सगळं यात आहे म्हणाला. आम्ही फाइलबरहुकूम प्रोग्रॅम करून दिला. वर्षभराने मी तिथे गेले, तर त्यांचा स्टोअरकीपर वहीत लिहीत होता आणि कॉम्प्युटरवर झाडाची कुंडी ठेवली होती. मला अपमान वाटायला हवा होता, पण कुंडीतलं झाड फार छान वाढलं होतं.

मग सिस्टर आल्या.

एका संस्थेने आम्हाला पेठ तालुक्यातल्या काही पाड्यांसाठी काम दिलं होतं. नर्सच्या हातात एक मोबाइल असावा. त्यात आज कोणत्या पाड्यावर कोणत्या बाळाला कोणती लस द्यायची त्याची यादी दिसावी. दिलेल्या लसीपुढे खूण केली, की पुढची तारीख आपोआप यावी. सरांनी संस्थेला अट घातली, की तुमचा एक माणूस आमच्यात बसवा. त्यांनी हिराबाईंना पाठवलं. सगळा जन्म त्या डोंगरात नर्स म्हणून काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांना पाड्यावर सगळे सिस्टर म्हणायचे, आम्हीही सिस्टरच म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी त्या खुर्चीच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. तासाभराने म्हणाल्या, "मी काय करू?"

"काही नाही सिस्टर. आम्ही विचारू ते सांगायचं."

"आन नाय विचारलं तर?"

"तर नुसतं बसायचं."

"मला नाय जमायचं बाई. नुसतं बसायची सवय नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरून नागली, म्हणजे नाचणी, आणायला लागल्या. खिडकीशी बसून सुपात नागली निवडायच्या आणि विचारलं की बोलायच्या. एका बाजूला आमच्या बोटांची टकटक, दुसऱ्या बाजूला सुपातली सळसळ. मी विचारायचे, "सिस्टर, बाळाला ताप असेल तर?" त्या सुपावरून नजर न काढता सांगायच्या, "ताप आसंल तर डोस नाय. पन नाव ठिवायचं, आठ दिसांनी परत जायचं." ते वाक्य मी कार्डावर उतरवून घ्यायचे आणि कार्ड भिंतीवर जायचं, एक कार्ड म्हणजे करायचं एक काम. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की कोड म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं नीट ऐकून लिहून काढणं. आजही मला ते महिने कामाचे वाटत नाहीत. खिडकीतून ऊन यायचं, तांब्यावर पडायचं, सिस्टर कुठल्याशा ओढ्यापलीकडच्या बाळाबद्दल सांगत असायच्या आणि मला पेठ कधी न पाहताही दिसायचं.

दिवाळीनंतर सिस्टर आठ दिवस घरी गेल्या. त्यांचं भात कापायला आलं होतं. जाताना म्हणाल्या, "आठवडाभर माझ्यावाचून अडायचं नाय तुमचं."

तसं काही अडलंही नाही. भिंतीवर फक्त एक कार्ड अर्धवट होतं. सिस्टरांनी बोलता बोलता सांगितलं होतं, की नर्स महिन्यातून एकदा पाड्यावर जाते तेव्हा कधी कधी घर बंद असतं. एकदा बंद, दोनदा बंद. तीनदा बंद असलं तर काय करायचं, ते विचारायच्या आधी गिरणी बंद पडली होती आणि आम्ही चहाला उठलो होतो. मी कार्डावर नुसतं 'तीनदा घर बंद' एवढंच लिहून ठेवलं होतं.

आमच्या नियमाप्रमाणे ते कार्ड सिस्टर येईपर्यंत बाजूला ठेवायचं. पण शुक्रवारी संस्थेला नवा प्रोग्रॅम द्यायचा होता, आणि भिंतीवर एकच कार्ड उरलेलं मला बघवेना. माझा स्वभावच तसा. भांडी घासून झाली आणि एक वाटी उरली, की मला झोप येत नाही.

सुहास म्हणाला, "ताई, सिस्टरना फोन करूया का?"

"त्या शेतात असतील. आणि विचारायचं काय त्यात? तीन महिने घर बंद म्हणजे ते लोक गाव सोडून गेले. नाव यादीतून काढायचं. नाहीतर नर्सची यादी नुसती फुगत जाईल."

 सुहासने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. दोघांत बसायचं कारणच हे, की एक वाहवत गेला तर दुसऱ्याने हात धरावा. त्याने एकदा धरला होता, मी सोडवून घेतला. तो वयाने लहान, मी ताई. तो दुसऱ्यांदा बोलला नाही.

मी रीतीप्रमाणे आधी टेस्ट लिहिली. तीन भेटींत घर बंद असेल तर बाळाचं नाव यादीत दिसता कामा नये. टेस्ट लाल झाली. मग चार ओळी कोड लिहिला. टेस्ट हिरवी झाली. सुहासने खिडकीतला तांब्या आणला, आम्ही कोड मिसळला, शेकडो टेस्ट झरझर हिरव्या होत गेल्या. त्या हिरव्या रंगाचं एक सुख असतं, आपलं सगळं बरोबर आहे असं कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगावं तसं. मी ते कार्ड काढून झालेल्या कामांच्या भिंतीवर लावलं आणि डबा खायला गेले.

परीक्षा घेणारी मी आणि उत्तर लिहिणारीही मीच, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

सिस्टर परतल्या. नव्या भाताच्या लाह्या घेऊन आल्या होत्या, आम्ही सगळ्यांनी मूठ मूठ खाल्ल्या. भिंतीवर नवी कार्डं आली, जुनी कुणी पाहत नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष संपत आला. सकाळी गोदेवरून धुकं उठून गल्लीपर्यंत यायचं आणि गिरणीवाला शेकोटी करून बसायचा.

एक दिवस सिस्टर सुपाशिवाय बसल्या होत्या. त्यांच्या हातात आमचा मोबाइल होता. त्या खालून वर, वरून खाली यादी फिरवत होत्या.

"नंदा," त्या मला म्हणाल्या, "ही यादी येवढी बारकी कशी?"

मी म्हटलं, "काम चांगलं चाललंय, म्हणून."

"नाय बाई. माझ्या जन्मात मी ही यादी येवढी बारकी नाय पायली." मग त्यांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि डोळे मिटले.

ती दुपार मी विसरणार नाही. त्या डोळे मिटून पाड्यावर चालायला लागल्या. तोंडाने एकेक घर सांगू लागल्या. "झऱ्यावरनं वर गेलं की पयलं घर काशीचं. तिला दोन, धाकटा रवी, त्याचा डोस राह्यलाय. मग आंब्याखालचं घर. मग वरती सोमाचं, त्याची पोरगी मंगल, आवंदा चैत्रात झाली, दहा महिन्यांची आसंल..." त्या घर सांगायच्या, सुहास यादीत बघायचा, आणि दर दोन-तीन घरांनंतर हळू आवाजात म्हणायचा, "नाही, हे नाव नाही." अशा त्या सगळा पाडा हिंडल्या, मग दुसरा, मग तिसरा. खाली गिरणी चालू होती, चहात वर्तुळं उठत होती. त्यांनी डोळे उघडले तेव्हा नऊ नावं यादीत नव्हती.

"ही कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तीनदा घर बंद.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आगं, भात काढून झालं की आमची मानसं द्राक्षावर जात्यात. दिंडोरी, निफाड, पार नदीकाठापर्यंत. घर बंद ठिवूनच जात्यात, पोरं काखंला मारून. पाऊस आला की परत येत्यात. घर बंद हाय म्हंजे पोर कुठंतरी हाय. बंद घराचंच पोर आधी बघायचं आसतं." मग त्यांनी सांगितलं, "आमच्याकडं पलीकडच्या पाड्यावर गोवर निघालाय."

नऊपैकी एकाही बाळाला गोवराची लस मिळालेली नव्हती. नर्सला यादीत नाव दिसलं असतं, तर तिने शेजारी चौकशी केली असती, निरोप धाडला असता. मी नावच काढून टाकलं होतं.

सरांनी कुणी केलं हे विचारलं नाही. आमच्यात ते विचारायची पद्धत नव्हती, कोडवर नाव नसतं ना. त्यांनी एवढंच म्हटलं, "आधी टेस्ट लिहा. मग गाडी काढतो." मला फार वाटत होतं, की त्यांनी मला चार शब्द सुनवावेत. सगळ्यांच्या मालकीच्या कोडात आपली चूकही सगळ्यांची होऊन जाते आणि मग ती एकट्याने सोसताही येत नाही.

मी आणि सुहास बसलो. या वेळी सिस्टर आमच्या मागे उभ्या राहिल्या. मी विचारलं, "सिस्टर, नाव यादीतून कधी काढायचं?"

"पोर मोठं झालं की," त्या म्हणाल्या. "दुसरी एक वाट हाय, ती तोंडानं बोलू नाय. पन डोळ्यानं बघितल्याबिगर कुनाचं नाव काढायचं नाय. आन घर बंद दिसलं तर शेजारी विचारायचं, कुठं गेली. त्ये लिहायला जागा ठिव."

टेस्टमध्ये एका बाळाचं नाव लागतं. एरवी आम्ही काहीही लिहायचो, बाळ एक, बाळ दोन. त्या दिवशी माझ्या हातून 'मंगल' लिहिलं गेलं. मंगल, वय दहा महिने, घर तीनदा बंद, सहादा बंद, बारा वेळा बंद, नाव यादीत दिसलंच पाहिजे. लाल. मग माझ्या त्या चार ओळी खोडल्या. हिरवी. त्या हिरव्याने मला काहीच वाटलं नाही.

पुढचे चार दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. सरांच्या गाडीत पुढे सिस्टर, मागे आम्ही दोघं. उजाडताना निघायचो, धुक्यातून एकेक बाग वर यायची. द्राक्षाच्या मांडवाखाली शिरलं की हिरवा उजेड असतो, त्यात माणसांचे फक्त पाय दिसतात. सिस्टर मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहून नुसतं पाड्याचं नाव घ्यायच्या. कुठल्यातरी ओळीतून एखादी बाई वाकून बाहेर यायची आणि म्हणायची, "सिस्टर? तुमी इकडं?" बांधाला लावलेल्या झोळीत बाळ झोपलेलं असायचं. मग जवळच्या दवाखान्यात नेऊन लस. काशीच्या रवीच्या अंगावर आम्ही पोचलो तेव्हा पुरळ उठलं होतं. त्याला आधी दवाखान्यात हलवलं. तो बरा झाला, पण ते चार-पाच दिवस काशीने जे काढले ते तिलाच माहीत. ती मला 'बाई, लय उपकार झाले' म्हणाली, तेव्हा मी बागेकडे बघत राहिले.

नऊपैकी आठ सापडली. मंगल सापडली नाही. सायखेड्याच्या पुढे नदीकाठच्या एका बागेत सोमा आणि त्याची बायको कामाला होते, इथपर्यंत माग लागला. तिथे विझलेली चूल आणि झोळी बांधायची दोरी होती. मुकादम म्हणाला, "चार दिस झाले. गुजरातकडं गेले, तिकडं काम हे म्हनून. पोरगी किरकिर करत व्हती." सोमाचा फोन लागेना. सिस्टर त्या दोरीजवळ खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. नदी तिथे रुंद आणि संथ आहे, पाण्यावर अजून धुकं होतं. मी सुहासला म्हटलं, मी तुला फोन करू द्यायला हवा होता. तो म्हणाला, "मी दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं, ताई." आमच्या दोघांत यापलीकडे त्यावर कधी बोलणं झालं नाही.

पावसात माणसं पाड्यावर परतली, सोमाचं घर बंदच राहिलं. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षी कौलं घसरली. कुणी म्हणायचं ते वापीकडे आहेत, कुणी म्हणायचं सुरतेकडे. मोबाइलच्या यादीत मंगलचं नाव होतं, ते पाच वर्षांची मर्यादा उलटली तेव्हा नियमाप्रमाणे मोठी झाली म्हणून निघालं. टेस्टमध्ये मात्र ती आजही दहा महिन्यांची आहे. दिवसातून कितीतरी वेळा तिचं घर बंद होतं आणि दिवसातून तितक्याच वेळा तिचं नाव यादीत सापडतं.

गेल्या महिन्यात ईशाचा फोन आला. माझ्यानंतर कंपनीत आलेली, हुशार मुलगी. सर आता येत नाहीत, सुहास पुण्याला गेला, ऑफिस मात्र गिरणीवरच आहे.

"ताई, एका टेस्टमध्ये मंगल असं नाव आहे. खरं नाव वापरायचं नाही असा आता नियम आहे. बदलू का?"

मी म्हटलं, "बदल. कोड सगळ्यांचा असतो." आणि फोन ठेवून दिला. मग मला राहवेना. संध्याकाळी मी पुन्हा फोन केला आणि तिला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तेवढंच.  ती म्हणाली, "ताई, आता आपण आश्रमशाळांतल्या मुलींच्या तपासणीचंही काम करतोय. भिंतीवर एक कार्ड आहे. लहानपणची नोंद अर्धवट राहिलेली मुलगी मोठेपणी कुठल्या शाळेत सापडली, तर काय करायचं? नवी नोंद की जुनी? मी उद्या तेच घेणार होते. तुम्ही येता का, जोडीला?"

दुसऱ्या दिवशी मी दोन वर्षांनी तो जिना चढले. फरशी थरथरत होती. तांब्या खिडकीत होता, थोडा काळवंडलेला. ईशाने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि कीबोर्ड पुढे केला.

"थांब," मी म्हटलं. "आधी विचारू."

सिस्टर आता फारशा हिंडत नाहीत, ऐकायलाही कमी येतं. फोन त्यांच्या सुनेने उचलला आणि त्यांच्या कानाला लावला. मी मोठ्याने विचारलं, "सिस्टर, मी नंदा. सोमाची मंगल आता कुठल्या शाळेत सापडली, तर तिचं नाव नव्याने लिहायचं का?"

 मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा नाव आठवत नाही.

"सापडली का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही सिस्टर. सापडली तर."

"मंग नव्यानं कशाला लिहायचं?" त्या म्हणाल्या. "जुन्याच पानावर लिहायचं. ती आपलीच हाय. आपून तिची वाट बघत व्हतो, येवढं लिव म्हंजे झालं."

ईशाने कार्ड घेतलं आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मंगल हे नाव ठेवायचं की नाही, हे तिने मला पुन्हा विचारलं नाही. तिने टेस्ट लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत तेच नाव लिहिलं. मंगल, वय चौदा, शाळेत हजर. मी बाजूला बसून एकेक अक्षर बघत होते. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर लाल पट्टी आली, कारण अजून आम्ही काहीच लिहिलेलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि आम्ही दोघी कामाला लागलो.